वाळवी व शेणकिडा

सुरत जिल्ह्याच्या मांडवी आणि उमरपाडा तालुक्यांतील सागवनांत आढळणारे दोन कीटक. वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, पण ती झुरळांच्या कुळातली, शेणकिडा भुंगेऱ्यांपैकी. वाळवीची वसाहत असते, तीत राजा, राणी, कामकरी व सैनिक असतात. ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही जाती वारूळ बांधते व आत बुरशीची शेती करते. सागाच्या खोडावरचा मातीचा पापुद्रा खरवडला की उजेडाला भ्यालेले फिकट, मऊ कामकरी आत पळतात. सागाला वाळवीचा खरा धोका रोपवयात. रानात ती मुख्यतः मेलेले लाकूड व पाचोळाच खाते.

कॅथार्सियस मोलोसस हा काळा, चिलखती शेणकिडा पोवट्याखालीच बीळ खणतो, दातेरी पुढच्या पायांनी शेण आत ओढतो आणि त्याच्या गोळ्यात अंडे घालतो. त्याला अळी व कोष या अवस्था असतात. वाळवीत कोष नसतो.

पावसाळ्यातले ताजे शेण शेणकिड्यांचे, उन्हाळ्यात वाळलेले बहुधा वाळवीचे. जमीन दोघेही सुपीक करतात. गुरांना दिलेल्या आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाचा अंश शेणात उतरून शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. पशुपालकांनी हे औषध गरजेपुरतेच वापरावे.