दुसरे टिळक आणि मार्दवाची साधना

सज्जनहो, आमच्या गिरगावात टिळक हे नाव उच्चारले की चौपाटीवरचे लोकमान्य डोळ्यांपुढे उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु लोकमान्यांच्या निधनाच्या एक वर्ष आधी, ९ मे १९१९ रोजी, याच मुंबईत आणखी एका टिळकांनी देह ठेवला. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आज आपल्या या वारकरी अंकात एका ख्रिस्ती माणसाची कथा का सांगतो, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण माझ्या एका अपराधात आहे. तो शेवटी सांगेन.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. कुळ चित्पावन ब्राह्मणाचे, संस्कृताचे अध्ययन उत्तम, कवित्व उपजत. पण मन अस्वस्थ. एका रेल्वे प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन वाचताना ते थबकले. सौम्य माणसे धन्य होत, वैऱ्यावरही प्रेम करावे, हा त्या प्रवचनाचा गाभा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते सांगत की, आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. धर्म बदलला तरी तुकोबा सुटले नाहीत. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग आणला, भजन आणले, आपले कीर्तनही आणले.

आता खरे सांगायचे तर हे टिळक स्वभावाने मुळीच मवाळ नव्हते. तापट, लहरी, मनात आले की घर सोडून चालू लागणारे. हे कोणा निंदकाने लिहिलेले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीच ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत हसत हसत लिहून ठेवले आहे. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठीचे भूषण ठरले. म्हणून म्हणतो, टिळकांचे मार्दव हे निसर्गाचे देणे नव्हते. ती साधना होती, आणि साधना म्हटली की तीत चुकणे आलेच.

सर्वांत मोठा घाव बसला तो लक्ष्मीबाईंनाच. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा त्या माउलीवर आकाश कोसळले. पदरी लहान मूल, सोवळ्याओवळ्यात वाढलेला जीव. त्या काळातले काही दिवस त्यांनी आपल्या पंढरपुरात काढले. पत्नीला असे दुःख देणारा मनुष्य सौम्य कसा, हा प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही. त्या एका निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी भरली, हे सत्यच आहे.

परंतु पुढचे पाहा. कायदा, समाज आणि नवरेपणाचा अधिकार हे सारे त्या काळी पुरुषाच्या बाजूचे. तरी टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. वाट पाहिली. काही वर्षांनी त्या पुन्हा संसाराला आल्या त्या आपले सोवळे घेऊन. त्यांचा स्वयंपाक निराळा, नेमधर्म निराळे. टिळकांनी ते चालू दिले. पुढे जातिभेद हा देवाने निर्मिलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढत नेले असते तर शरीर आले असते, मन मागेच राहिले असते.

याच सुमारास छप्पनचा दुष्काळ पडला. टिळकांच्या नगरच्या घरात अनाथ पोरे आली आणि घरचीच झाली. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक कोवळा कवी या घरात मुलासारखा राहिला. त्यालाच आपण बालकवी म्हणतो. तो त्या घरी जेवला, रुसला, रमला, आणि हिंदूच राहिला. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उघडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

सज्जनहो, ख्रिस्ती शास्त्रात सौम्यता हे आत्म्याचे फळ मानले आहे. फळ म्हणजे झाडाला बाहेरून बांधता येत नाही. ते आतून यावे लागते. आपल्याला हे नवीन नाही. ज्ञानोबा माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना केवढा विस्तार केला आहे! पाय टाकताना जीव दुखावू नये म्हणून जपणारा, बोलण्याआधी ज्याचा स्नेह पुढे येतो असा तो पुरुष. मी त्या ओव्यांवर आयुष्यात कितीतरी कीर्तने केली.

आणि आता माझा अपराध. सुमारे पस्तीस वर्षांमागे आमच्या फणसवाडीत सप्ताह होता. अहिंसेवरच निरूपण चालले होते. मध्येच श्रोते जरा पेंगताहेत असे वाटले, म्हणून मी धर्मांतर करणाऱ्यांची टिंगल केली. हशा पिकला. त्या हशात मला दिसले की शेवटच्या रांगेत खोताच्या वाडीतले एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ बसले आहेत. ते नेहमी येत, आज मी विसरलो होतो. कीर्तन संपल्यावर ते सर्वांसारखे बुक्का लावून घ्यायला पुढे आले. म्हणाले, “बुवा, आज आवाज फार छान लागला होता.” मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी ते कागदात गुंडाळलेले एक पुस्तक घेऊन दारी आले. “सवडीने वाचा, घाई नाही,” एवढेच बोलले. ते ‘स्मृतिचित्रे’ होते. आठवडाभरात वाचून परत द्यायला गेलो आणि क्षमा मागू लागलो, तर त्यांनी आत चहा टाकायला सांगितले आणि मला चालीतली एक शंका विचारली. तो विषय त्यांनी पुढेही कधी काढला नाही.

वाचकहो, त्या दिवशी तेरावा अध्याय माझ्या जिभेवर होता आणि त्यांच्या आचरणात होता. त्यांनी तो वाचला होता की नाही, मी विचारले नाही. पण त्यानंतर कीर्तनाला उभा राहिलो की आधी शेवटच्या रांगेकडे पाहायचो, आणि मगच तोंड उघडायचो. तुमच्याही घरी, दुकानी, वारीच्या गर्दीत कोणीतरी शेवटच्या रांगेत बसलेला असतो. त्याला दिसेल असे बोला, त्याला टोचेल असे नको.

रामकृष्ण हरी.