उन्हाळी लग्नाचे कापड : सातारा-सांगलीतील शिवणीचा एक इतिहास

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत जवस पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो, पण तो तेलासाठी आणि चटणीसाठी. लिनन हे उन्हाळी कापड ज्या रोपाच्या खोडातून निघते ते रोप हेच. मात्र धाग्यासाठी त्याच्या उंच, फांद्या न फुटणाऱ्या जाती लागतात, थंड आणि दमट हवा लागते, आणि उपटलेली खोडे दवात किंवा पाण्यात मुरवून त्यांतला तंतू सोडवावा लागतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात रब्बीला येणारा बुटका, पसरणारा जवस बियांच्या कामाचा असल्याने या भागातल्या उन्हाळी वस्त्रांचा इतिहास हा कापसाचा इतिहास आहे. आजही भारतात विणल्या जाणाऱ्या लिननचा तंतू मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमच्या परिसरातून येतो.

नवे कापड अंगावर चढण्याचे निमित्त बहुतेक घरांत लग्नाचे असे, आणि लग्नसराई प्रामुख्याने उन्हाळ्यात येई. चातुर्मासात विवाह होत नाहीत हे त्याचे धार्मिक कारण. शेतीचे कारण असे की माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण भागांत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फाल्गुनापर्यंत खळ्यावरून घरात येते आणि मृगाच्या पेरणीपर्यंत माणसांना व बैलांना फारसे काम नसते. चैत्र-वैशाखात दुपारी पारा चाळीस अंशांच्या आसपास जात असताना मांडवात वावरायचे, तर कापड सुती, सैल आणि घाम शोषणारे असणे भाग होते. श्रीमंतांच्या घरी रेशीम व जर असे. शेतकऱ्याच्या घरी ऋतूची मागणी आणि ऐपतीची मर्यादा एकाच जाड्याभरड्या कापडावर येऊन थांबत.

या वस्त्रांपैकी शिवलेली किती, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. लुगडे, धोतर, उपरणे आणि मुंडासे ही सारी मागावरून उतरलेली अखंड वस्त्रे. ती नेसायची, पांघरायची किंवा गुंडाळायची. धार्मिक विधीतही सुईचा स्पर्श न झालेल्या वस्त्राला मान असे, आणि सोवळ्यात शिवलेले कापड चालत नसे. हळदीच्या वेळी नवरा-नवरीच्या अंगावर साधे पांढरे सुती कापड असे, ते हळदीनेच पिवळे होई. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेच्या प्रदेशात रंगासाठी वेगळा खर्च करण्याचे कारणही नव्हते. शिवणीचा भाग त्यामुळे मोजक्या कपड्यांपुरता उरे: नवरीची चोळी, पुरुषांची पैरण किंवा बंडी, प्रतिष्ठित घरांतील अंगरखा, बारा बंदांनी बांधायची बाराबंदी, आणि लहान मुलांची झबली-टोपडी.

चोळी खणाची असे. खण म्हणजे एका चोळीपुरते, दोन्ही कडांना काठ असलेले विणलेले कापड. आजच्या कर्नाटकातील गुळेदगुड्ड हे त्याचे नावाजलेले केंद्र, आणि तिथला माल सांगली-साताऱ्याच्या पेठांत सहज मिळे. काठ बाह्यांच्या टोकाशी यावेत अशा बेताने खण कापला जाई, काखेत हालचालीला जागा देणारा लहान तुकडा जोडला जाई आणि पुढची टोके गाठ मारण्यासाठी मोकळी ठेवली जात, त्यामुळे बटणाची किंवा काजाची गरज पडत नसे. पैरणीची बेतणीही तितकीच काटकसरीची होती. हातमागाचे कापड पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, अरुंद असल्याने अंग, बाह्या आणि बाजूच्या कळ्या सरळ रेषेत कापून त्यांची जुळणी केली जाई, आणि तिरक्या कापणीने वाया जाणारी चिंधी फारशी उरतच नसे. कोरे कापड आधी रात्रभर भिजवावे लागे, कारण खळ निघून गेल्यावर सुती कापड आटते. हे न करता शिवलेली पैरण पहिल्याच धुण्यात दंडाला आवळते. जोडणीसाठी प्रथम धावदोरा, म्हणजे लांब टाक्यांची कच्ची शिवण, मग टाक्याला टाका लागून जाणारी पक्की टीप, आणि शेवटी कडा आत मुडपून घातलेली तुरपाई असा क्रम असे. यातले कोणतेही काम घरच्या बाईला अवघड नव्हते. जुन्या लुगड्यांच्या वाकळा ती वर्षानुवर्षे शिवतच होती.

तरीही लग्नाचे कपडे पुष्कळदा शिंप्याकडेच जात. ग्रामव्यवस्थेत शिंपी अलुतेदारांत मोडे, म्हणजे बलुतेदारांइतके ज्याचे काम रोजच्या शेतीला अपरिहार्य नव्हते अशा कारागिरांत. लग्नसराई हा त्याच्या कमाईचा मोठा हंगाम होता. बस्ता बांधणे, म्हणजे दोन्ही घरच्या माणसांनी पेठेत बसून मानपानाची सारी वस्त्रे एकदम खरेदी करणे, हा लग्नाच्या खर्चातला एक जड भाग, आणि कर्जाचे खाते बहुधा येथेच वाढे. शिलाईची मजुरी त्या मानाने किरकोळ होती. म्हणूनच ज्यांनी पुढे लग्नाचा खर्च कमी करण्याचा प्रयत्न केला त्यांचा रोख कारागिरावर नव्हता, मानपानाच्या कापडावर होता.

हा प्रयत्न या भूमीत दोनदा झाला. पहिला सत्यशोधकांचा. जोतीराव फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताविना, अल्प खर्चाचा विवाह लावून दाखवला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ही चळवळ सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत खोलवर रुजली. दुसरा प्रयत्न १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारचा. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचे वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग येत, समांतर सत्ता उभी राहिली. तिने न्यायनिवाडे केले, दारूबंदी राबवली आणि ‘गांधी लग्ने’ लावली. गांधी लग्न म्हणजे हुंडा, वाजंत्री, वरात आणि जेवणावळी यांना फाटा देऊन, थोडक्या खर्चात, पुष्कळदा अनेक जोडप्यांचे एकाच मांडवात लावलेले लग्न. कुंडलचे जी. डी. तथा बापू लाड यांच्यासारख्या नेत्यांनी स्वतःचे विवाहही याच पद्धतीने केले. वधू-वरांच्या अंगावर खादी असावी हा या पद्धतीतला आग्रह, आणि बस्त्याच्या प्रथेला बसलेला घाव तो हाच: दोन्हीकडच्या मंडळींनी एकाच पोताचे, एकाच रंगाचे कापड घातले की मानाचे लुगडे आणि साधे लुगडे हा भेद दाखवायला जागा राहत नाही.

या खादीमागे केवळ तत्त्वनिष्ठा होती असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. ही वर्षे महायुद्धाची होती. लष्कराच्या मागणीने गिरण्यांचा माल बाजारातून ओसरला, भाव चढले, आणि जून १९४३ मध्ये सरकारला सुती कापड व सूत यांच्या नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. बस्ता बांधायचा म्हटले तरी कापड मिळण्याची खात्री नसताना साधेपणा हा आदर्श होता तसाच तो निरुपायही होता, आणि दोहोंचा मेळ बसल्यामुळेच एरवी प्रतिष्ठेला चिकटून राहणाऱ्या घरांनीही तो स्वीकारला असावा. प्रतिसरकारच्या सशस्त्र कारवायांवर जेवढी शाई खर्ची पडली तेवढी या कापडावर पडलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कुंडलच्याच रानात शिवणीची एक वेगळी परंपरा याआधीच आकार घेत होती. औंध संस्थानच्या हद्दीतील या गावालगतची माळरानाची जमीन संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. त्याच वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ हे मासिक काढले. ‘स्त्री’ची कीर्ती तिच्या सुधारणावादी लेखनाची असली, तरी शिवण-विणकामासारखे घरगुती कौशल्यही त्या काळच्या मध्यमवर्गीय वाचकवर्गाच्या आस्थेचा विषय होते. गाठीच्या चोळीची जागा बटणांचे पोलके, ज्याला तेव्हा झंपरही म्हणत, घेऊ लागले होते, आणि नऊवारीऐवजी गोल पातळ नेसले जात होते. पोलक्याला छातीचे, खांद्याचे, बाहीचे माप लागते, कागदी नमुना लागतो, यंत्रावरची टीप शोभून दिसते. १९३० च्या दशकात कलकत्त्यात बनू लागलेल्या उषा यंत्राने परदेशी सिंगरची मक्तेदारी पुढे मोडली, तेव्हा हे यंत्र मुलीला रुखवतासोबत देण्याच्या वस्तूंत येऊ लागले. चोळी कोणत्याही अंगाला थोड्या फरकाने बसे. पोलके एकाच बाईचे असे. घरी शिवण्याला जी नवी प्रतिष्ठा मिळाली ती या मोजमापातून मिळाली, काटकसरीतून नव्हे. खादीची पैरण शिवणारे कुंडल आणि कागदी नमुन्याचे पोलके बेतणारी किर्लोस्करवाडी यांच्यात हाकेचे अंतर होते, तरी दोहोंच्या साधेपणाच्या कल्पना फार वेगळ्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. याच दशकांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले, कालवे आणि उपसा सिंचनाने ऊस वाढला, आणि उसाच्या पैशाबरोबर वाजंत्री, वरात व बस्ता तिन्ही परतले. पाठोपाठ टेरिलीन आणि टेरिकॉट आले. वैशाखात ते अंगाला उकडत असूनही इस्त्री न मोडणारे आणि महाग दिसणारे म्हणून नवरदेवाच्या सुटासाठी त्यांचीच निवड होई. खादी उरली ती प्रामुख्याने राजकीय पुढाऱ्यांच्या अंगावर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या नेहरू शर्टात. आणि हा शर्ट घरी बेतण्याचा नसून नावाजलेल्या टेलरकडून खास माप देऊन शिवून घेण्याचा कपडा झाला.