मामांचे सेशेल्स

सेशेल्स हा देश मला कळला तो खेळण्यांमुळे. मामा सहार विमानतळावर कार्गोत होते, आणि फराळाला बसले की नोव्हेंबर १९८१ची गोष्ट हटकून निघायची. चाळीसेक भाडोत्री सैनिक बिअरप्रेमींच्या मंडळाचे सभासद बनून माहे बेटावर उतरले. बॅगांत अनाथ मुलांसाठी खेळणी आणि त्यांच्याखाली रायफली. कस्टमवाल्याच्या हाताला एक लागली नि विमानतळावरच गोळीबार पेटला. त्या धुमश्चक्रीत साल्सबरीहून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे बोइंग तिथे उतरले. भाडोत्र्यांनी तेच पळवून दरबानला नेले.

"इकडे आम्ही वाट बघतोय, आणि विमान आफ्रिकेत!" असे म्हणत मामा कडकन चकली मोडायचे.

प्रवासी सुटले. दक्षिण आफ्रिकेने बहुतेक भाडोत्र्यांनाही सोडून दिले. जगभर ओरड झाल्यावर मग खटला भरला. म्होरक्या माइक होअरला १० वर्षांची शिक्षा झाली.

हा उपद्व्याप पहिले राष्ट्राध्यक्ष जेम्स मँचम यांना परत खुर्चीत बसवण्यासाठी होता. जून १९७६मध्ये देश स्वतंत्र झाला, आघाडी सरकारात मँचम अध्यक्ष आणि फ्रान्स-आल्बेर रेने पंतप्रधान. वर्षही पुरते झाले नाही. मँचम राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला गेले आणि ५ जून १९७७ला मागे सत्ता उलटली. "वाटेकऱ्याकडे किल्ली देऊन गावाला गेला, दुसरं काय!" हा मामांचा निकाल. रेने त्यांच्या लेखी कायमचे खलनायक.

त्याला आधार होताच. १९७९पासून एकच पक्ष. विरोधक जेरार्ड होआरो यांचा तर १९८५मध्ये लंडनमध्ये खून झाला, आणि तो अजून उलगडलेला नाही. पण मामांना ठाऊक नसलेली एक गंमत आहे. १९८६मध्ये रेने यांच्याविरुद्ध पुन्हा कट शिजला, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभी राहायला आपल्याच नौदलाची 'विंध्यगिरी' व्हिक्टोरिया बंदरात गेली होती, गाजावाजा न करता. आपल्या माणसांनी ज्याला वाचवले त्याला मामा वर्षानुवर्षे शिव्या घालत होते.

१९९२मध्ये मँचम मायदेशी परतले. पुढच्या वर्षी बहुपक्षीय निवडणूक झाली आणि जिंकले रेनेच, सुमारे ६० टक्के मते घेऊन. मामा उखडले. "लोकांना काही कळत नाही!"

मामी दिव्यांत तेल घालत होती. शाळा आणि दवाखाने रेनेंनी फुकट केले, हे तिने मामांच्याच तोंडून ऐकले होते. ती म्हणाली, "अहो, ज्यांची पोरं फुकट शिकली, त्यांना चांगलं कळतं."

रेने २००४मध्ये आपण होऊन पायउतार झाले. सत्तापालटाच्या काळातल्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाचे काम सुरू झाले ते २०१९मध्ये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रेने वारले. मँचम दोन वर्षे आधीच गेले होते.