युबिक्विटिन विलग करणारी विकरे : संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना
कोणते प्रथिन मोडावयाचे याची खूण म्हणून पेशी त्यास युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे लहान प्रथिन जोडते. ही खूण काढून घेणाऱ्या विकरांना डीयुबिक्विटिनेज म्हणतात. जोडणीचा इतिहास सुपरिचित आहे. विलगीकरणाचे महत्त्व मात्र उशिरा ओळखले गेले. प्रस्तुत लेखात या विलंबाचा मागोवा घेतला आहे.

शोधाची वाटचाल
इ.स. १९७५ मध्ये गिडिअन गोल्डस्टीन व सहकाऱ्यांनी युबिक्विटिनचे वर्णन केले. १९७७ मध्ये ते हिस्टोन एच-२ए या प्रथिनाला जोडलेले आढळले. प्रथिनविघटनातील त्याची भूमिका १९८० च्या सुमारास सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांनी उलगडली. त्यासाठी त्यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिस्टोनपासून युबिक्विटिन विलग करणारी क्रियाही १९८० च्या दशकारंभी दिसली होती. तथापि तिच्याकडे प्रामुख्याने युबिक्विटिन पुन्हा उपलब्ध करून देणारी व्यवस्था म्हणूनच पाहिले गेले. मज्जापेशींत विपुल असणारे पीजीपी ९.५ हे प्रथिन तर आधीपासून ज्ञात होते. ते याच वर्गातील विकर असल्याचे कीथ विल्किन्सन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले.

रोगाशी संबंध
या दृष्टिकोनास निर्णायक कलाटणी सीवायएलडी या जनुकाने दिली. डोक्याच्या त्वचेवर अर्बुदे निर्माण करणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे कारण म्हणून ते २००० मध्ये ओळखले गेले. त्यापासून बनणारे विकर युबिक्विटिनच्या साखळ्या तोडून एनएफ-कप्पा-बी हा संदेशमार्ग आवरते, असे २००३ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी सिद्ध केले. येथे युबिक्विटिन विघटनाची नव्हे, तर संदेशवहनाची खूण असते. ती पुसणारे विकर निकामी झाले की संदेश थांबत नाही आणि पेशींचा स्वाभाविक मृत्यू टळतो.

यूएसपी-७ चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हे विकर अर्बुदरोधक पी-५३ प्रथिनास विघटनापासून वाचविते, असे २००२ मध्ये आढळले. परंतु पी-५३ च्या विघटनास कारणीभूत असणाऱ्या एमडीएम-२ लाही तेच वाचविते, हे २००४ च्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. परिणामी, यूएसपी-७ पूर्णपणे काढून टाकल्यास पी-५३ घटण्याऐवजी वाढते.

निष्कर्ष
२००५ मधील एका गणनेत मानवी जनुकसंचात अशी सुमारे ९५ विकरे संभवतात, असे दिसून आले. औषधनिर्मितीसाठी त्यांतील एखादे रोखताना ते कोणकोणत्या प्रथिनांना वाचविते, हे प्रथम तपासणे अनिवार्य ठरते. खूण करणे आणि ती पुसणे या दोन्ही क्रिया मिळूनच पेशीचे नियमन पूर्ण होते, हाच या इतिहासाचा बोध होय.