मनोरुग्णांची शारीरिक तपासणी (बुलढाणा जिल्हा)

तीव्र मानसिक आजार असलेल्यांचे वजन, रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांवर नियमित लक्ष ठेवण्याची पद्धत. असे रुग्ण इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षे आधी दगावतात, तेही बरेचदा हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या आजारांनी. ओलान्झापिन, क्लोझापिन या मानसिक आजारावरील औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते. लिथियम हे औषध घेणाऱ्याचे मूत्रपिंड व थायरॉइड तपासावे लागते. औषध सुरू करतानाच कमरेचा घेर फितीने मोजून कार्डावर लिहिला, तर तीन महिन्यांनी झालेली वाढ चटकन ध्यानात येते. गावच्या आरोग्य उपकेंद्रातही हे जमते.

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबा दर्ग्यात मनोरुग्णांना दूरदुरून आणतात. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठान निराधार मनोरुग्णांना सांभाळते. अशा ठिकाणी येणाऱ्यांपैकी रस्त्यावर दिवस काढलेल्यांच्या जखमा, रक्तक्षय, क्षय यांची तपासणी आधी व्हायला हवी. ‘भ्रमात बोलतोय’ म्हणून छातीतल्या कळेकडे दुर्लक्ष करणे हा अक्षम्य हलगर्जीपणा होय. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार शारीरिक रुग्णांच्या बरोबरीने उपचार मिळणे हा मनोरुग्णांचा हक्क आहे. मोफत सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक : १४४१६.