तळटीप : जुन्या फोर्डचे व्होल्टेज

‘जुन्या फोर्डची बॅटरी’ : हा अमेरिकेत १९४७ ते १९५२ या काळात निघालेला फोर्ड ८एन ट्रॅक्टर. कारखान्यातून तो ६ व्होल्टचा येई आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे; आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. पण मॉडेलवरून व्होल्टेज ठरवू नये, कारण यांतले कित्येक ट्रॅक्टर मालकांनी पुढे १२ व्होल्टचे करून घेतले. आधी बॅटरीची बुचे मोजावीत. शिशाच्या बॅटरीचे एक घर साधारण २ व्होल्ट देते. म्हणून तीन बुचे म्हणजे ६, सहा म्हणजे १२. (चार बुचांची ८ व्होल्टचीही भेटते; थंडीत इंजिन उचलेना म्हणून काढलेली ती पळवाट.) अर्थात बॅटरी कोणीही बदलतो, तेव्हा हा पुरावा अर्धाच. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवलेला असेल तर रूपांतर झाले असे बहुधा धरावे, आणि दिव्याचा बल्ब काढून त्याच्या पितळी बुडावरचा आकडाही वाचावा. शंका असताना १२ व्होल्टची बॅटरी जोडून पाहण्याचा मोह टाळावा : स्टार्टर घटकाभर निभावून नेतो, पण मध्ये रेझिस्टर नसेल तर ६ व्होल्टची कॉइल तापून जळते.