मुलगी शिकली तर आजारी पडेल?

इअरफोन लावलेत? चला, आज जाऊया अमेरिकेत, दीडशे वर्षांपूर्वीच्या कॉलेजांत.

तिकडे तेव्हा मुलींसाठी कॉलेजची दारं नुकती कुठे उघडत होती. न्यूयॉर्क राज्यात मुलींचं व्हासार कॉलेज १८६५ मध्ये सुरू झालं. मिशिगन विद्यापीठाने १८७० मध्ये मुलींना प्रवेश दिला. आणि १८७३ मध्ये एक पुस्तक आलं, ज्याने घरोघरी आईबापांची झोप उडवली.

लेखक डॉ. एडवर्ड क्लार्क. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकवलेला माणूस, म्हणजे शब्दाला वजन. ते म्हणाले, मुलींना अभ्यास जमत नाही असं नाही. पण शरीरातली ताकद मोजकी असते. वाढीच्या वयात ती सगळी डोक्याकडे गेली, तर गर्भाशयाची वाढ खुंटते. मग मुलगी कायमची आजारी, मूल होणं अवघड. उपाय काय? दर महिन्याला पाळीच्या दिवसांत अभ्यासाला सुट्टी.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे ‘बाजूला बसणं’ धर्माच्या नावाने होतं. तिकडे तीच गोष्ट विज्ञानाच्या नावाने आली.

आता पुरावा बघा. मोजक्या पेशंट मुलींच्या कहाण्या, बस्स! त्यातली एक म्हणे चौदाव्या वर्षी व्हासारला गेली आणि तिथे तब्येत बिघडवून बसली. व्हासारच्या डॉक्टर अलिडा अ‍ॅव्हरी यांनी छापील उत्तर दिलं: इतक्या लहान मुलीला आम्ही प्रवेशच देत नाही!

पण खरा तडाखा दिला डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. हार्वर्डच्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठी विषय आला, पाळीच्या काळात स्त्रियांना विश्रांती हवी का? निबंध नाव न लिहिता द्यायचा होता. जेकोबींनी स्त्रियांना प्रश्नावल्या पाठवल्या, २६८ जणींची उत्तरं आली. शिवाय काही जणींची नाडी, तापमान, स्नायूंची ताकद मोजली. निष्कर्ष असा की, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या निरोगी बाईला काम थांबवायची गरज नाही. १८७६ चं पारितोषिक त्यांनाच मिळालं.

पुढे १८८५ मध्ये पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने आपल्याच लोकांचा सर्व्हे केला. ७०५ जणींनी उत्तरं दिली, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त जणींची तब्येत चांगली निघाली. आता हेही खरं, की आजारी असलेल्यांनी कदाचित फॉर्म भरलाच नसेल. पण क्लार्कसाहेबांच्या मूठभर कहाण्यांपेक्षा हे कितीतरी बरं.

आणि या ‘नाजूक’ मुली कॉलेजात करत काय होत्या? व्हासारमध्ये बेसबॉल खेळत होत्या. रात्री दहाला दिवे बंद करायचा नियम, तरी चोरून खोलीत फज शिजवत होत्या. १८८८ मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीने कॉलेजच्या लिलावासाठी ३० पौंड फज बनवला! स्मिथ कॉलेजात १८९३ मध्ये मुलींचा बास्केटबॉल सामना झाला, तेव्हा पुरुषांना बघायलाही बंदी होती.

याच काळात, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. म्हणजे त्या समुद्र ओलांडून पोचल्या त्या देशातही ‘बाईने शिकावं का’ हा वाद मिटलेला नव्हता.

आणि हार्वर्ड? ज्यांनी जेकोबींना बक्षीस दिलं, त्यांच्या मेडिकल स्कूलने मुलींना पहिल्यांदा प्रवेश दिला १९४५ मध्ये. पुरावा समोर आल्यापासून तब्बल ६९ वर्षांनी.

म्हणून कुणी ‘सायन्स सांगतं’ म्हणालं, की एवढंच विचारा: किती जणींना विचारलंत?

पटलं तर हा भाग मैत्रिणीला पाठवा, मित्राला तर नक्कीच. भेटू पुढच्या भागात!